लिओन्तिनोकाका झोपलेत

त्या रविवारी माझ्या डोक्यावर भांडी घासलेलं पाणी पडलं आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पाणी कोमट होतं, त्यात कांद्याच्या साली होत्या, आणि एक शेवई थेट माझ्या भुवईवर येऊन बसली. मी तशीच हसत उभी राहिले.

आता तुम्ही म्हणाल, ही पोरगी वेडी आहे का? पण आमच्या मंडळीत जन्मला असता ना, तर तुम्हीही हसला असता. लोता गावच्या टेकडीवर आमचं छोटंसं पत्र्याचं प्रार्थनागृह आहे. दर रविवारी दुपारी आम्ही सगळे तिथून रांगेनं बाहेर पडतो. पुरुष कोट-टाय लावून, आम्ही बायका लांब घागऱ्यात, केस मोकळे सोडून. गिटारी, मँडोलिनी, खंजिऱ्या, एक मोठा ढोल आणि सगळ्यांत पुढे एलेआसारभाऊंचा अकॉर्डियन. गात गात चढ चढायचा, कोपऱ्याकोपऱ्यावर गोल करून उभं राहायचं, आणि एकानं मध्ये जाऊन देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायची. गल्लीतली पोरं "कानुतो आले, कानुतो आले!" करून चिडवतात; रस्त्यावर देवाची गाणी गाणाऱ्यांना इथे तेच टोपणनाव. चिडवू देत. माझ्या आईला चिडवलं, तिच्या आईला चिडवलं. आमच्यात ते वारशानं येतं, नाकासारखं.

आणि शेवटचा थांबा असतो तो खाणकामगारांच्या जुन्या लाकडी चाळीपाशी. त्याला आम्ही दगडाचा कोपरा म्हणतो. कोळशाची खाण चालू होती त्या काळी एलेआसारभाऊंच्या वडिलांना तिथे कपाळावर दगड बसला होता. रक्त डोळ्यात उतरलं तरी त्यांनी गाणं पुरं केलं. ही गोष्ट आम्हाला रांगायच्या आधीपासून पाठ असते. तेव्हापासून त्या कोपऱ्यावर कुणी ओरडलं, शिवी दिली, बटाटा फेकला की आम्ही काय करतो? हात वर करून तीनदा "देवाला गौरव!" म्हणतो आणि दुप्पट जोरात गातो.

त्या रविवारी गोलाच्या मध्ये मी होते. मी, केइला रिफ्फो! मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीला "हजर" म्हणताना जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नव्हता, ती. साक्ष मी आठवडाभर कोंबड्यांसमोर बसवली होती, हातवाऱ्यांसकट. "आणि तेव्हा प्रभूनं माझ्या—" इथपर्यंत आले, आकाशाकडे बोट दाखवलं, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून आलं की पाणी!

"देवाला गौरव!" सगळे ओरडले. "देवाला गौरव! देवाला गौरव!" ढोल असा वाजला की चाळीच्या फळ्या थरथरल्या.

नंतर चहाला तर माझी चंगळच झाली. उपासनेनंतर आमच्याकडे चहा म्हणजे दुसरी उपासनाच असते. सोपाइपिया म्हणजे भोपळ्याच्या गरम पुऱ्या, वर मिरची-कोथिंबिरीची चटणी, आणि सगळे सगळ्यांना मिठ्या मारतायत. प्रिसिलाताईंनी माझे केस पुसले. पाळक ओसेआस म्हणाले, "आज केइलाचा खरा बाप्तिस्मा झाला." एलेआसारभाऊंनी तर माझी पाठ अशी थोपटली की तोंडातली सोपाइपिया खाली पडली. "माझ्या बापाला दगड, तुला शेवया," ते म्हणाले. "दिवस सुधारले, पोरी."

मी हसून हसून बेजार. वाटलं, या खोलीतून आपण कधी बाहेर पडूच नये.

सोमवारी शाळा सुटल्यावर आईनं मळलेली कणीक घेऊन मला सामायिक भट्टीवर पाठवलं. चाळीच्या बायका अजून तिथेच पाव भाजतात. माझ्या पुढे एक बुटकी, रुंद बाई होती, अंगावर पुरुषी स्वेटर. तिनं वळून माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तूच ना कालची ओली?"

"हो," मी छाती काढून म्हटलं. "आणि मी तुम्हाला क्षमा केलीय."

"बरं केलंस," ती म्हणाली. "सर्दी नाही ना झाली?"

मी कोंबड्यांसमोर हा प्रश्न बसवलाच नव्हता. "नाही झाली," मी म्हटलं.

"देवाची कृपा. रात्रभर मला तीच काळजी. मी एर्मिंदा. वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी. आमचे हे, लिओन्तिनो, खाणीत होते. छातीत सगळी धूळ भरलीय. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून टेबलावर उशी ठेवून बसल्या बसल्या डोकं टेकतात. रात्रभर डोळा नाही. दुपारी कधीतरी लागतो. आठवड्यातून रविवारी त्यातल्या त्यात गल्ली शांत असते, तेव्हा चांगला लागतो." तिनं पावाची परात भट्टीत सरकवली. "आणि मग तुमचा ढोल."

मी कणीक दुसऱ्या हातात घेतली.

"ते दचकून उठतात ना, तर ऑक्सिजनची नळी लावूनही श्वास जागेवर यायला संध्याकाळ होते. ओठ निळे पडतात. मी पाठ चोळत बसते आणि तुम्ही खाली नाचता."

"मग काकू, तुम्ही सांगितलं का नाही?"

ती इतकी जोरात हसली की रांगेतल्या बायका वळल्या. "सांगितलं का नाही! जूनमध्ये तीनदा खाली आले मी. पहिल्यांदा तोंड उघडलं, तर एकीनं हातात पत्रक कोंबलं. दुसऱ्यांदा तुमचे सगळे हात वर करून ओरडायला लागले. तिसऱ्यांदा तो अकॉर्डियनवाला आला, मला कुशीत घेतलं आणि म्हणाला, 'ताई, ख्रिस्ताचं तुमच्यावर प्रेम आहे.' माझं नाक त्याच्या अकॉर्डियनच्या घड्यांत! बोलणार कुठून?"

मला हसू आलं आणि लगेच विरलं. कारण जूनमधली ती संध्याकाळ मला आठवत होती. चहाला एलेआसारभाऊ म्हणाले होते, "आज एक आत्मा अगदी काठावर आला होता. रडत होती बिचारी." आणि आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली होती. नाव माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं.

"सांग. पण ते ऐकणारे लोक नाहीत गं."

"ऐकतील काकू. माझी माणसं आहेत ती."

"तेच तर," एर्मिंदाकाकू म्हणाल्या. "तुमची एकमेकांची माणसं आहात तुम्ही. तुमच्या त्या गोलात सुई शिरणार नाही." आणि मग पाव उलटायच्या सळईनं त्यांनी माझ्या कणकेकडे बोट दाखवलं. "ती ठेव आता आत, फुगून सांडायला लागलीय."

गुरुवारच्या प्रार्थनेला मी उभी राहिले. आवाज फुटला. सगळं सांगितलं, ओठ निळे पडतात तेही. अकॉर्डियनच्या घड्यांचं सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी खुसखुसलं.

एलेआसारभाऊ हसले नाहीत. त्यांचा चेहरा चुलीतल्या निखाऱ्यावर पाणी टाकल्यासारखा झाला. "मी? ती मला थांबवायला आली होती?"

"ती फक्त सांगायला आली होती, भाऊ."

"आणि आता काय, कोपरा सोडायचा?" ते ताडकन उठले. "माझ्या बापाचं रक्त आहे त्या दगडांवर. पोलीस आले, सोडला नाही. मुकादम आले, सोडला नाही. आता एका माणसाच्या दुपारच्या झोपेसाठी?"

"एलेआसार, आवाज," प्रिसिलाताई म्हणाल्या. त्या त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहीण, त्यामुळे त्यांनाच ते बोलायची मुभा.

"आवाजाचंच चाललंय!" ते म्हणाले. "आवाज बंद केला तर आम्ही कोण? चहा पिणारं मंडळ?"

मग सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणालं, ढोल तेवढा नको. कुणी म्हणालं, आज एका खिडकीसाठी थांबलो तर उद्या प्रत्येक खिडकी सांगेल. कुणीतरी असंही म्हणालं की ही पोरगी काल बोलायला शिकली आणि आज मंडळीला शिकवते. ते कोण म्हणालं हे मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. लागलं खूप.

शेवटी पाळक ओसेआस उभे राहिले. ते मासळी बाजारात बर्फ फोडायचं काम करतात, त्यामुळे मोजकं बोलतात. म्हणाले, "हात वर करून ठरवायची ही गोष्ट नाही. घरी जा, गुडघ्यावर या, देवाला विचारा. रविवारी नेहमीसारखे निघू." बस्स. नेहमीसारखे! मी आईचा हात पकडून घरी आले आणि उशीत तोंड खुपसून रडले. मी काकूंना शब्द दिला होता. आणि जर रविवारी ढोल वाजला आणि त्या माणसाचा श्वास परत जागेवर आलाच नाही, तर? मी त्या गोलात उभी राहून मँडोलिन वाजवत असणार. माझ्याच माणसांत.

रविवारी आम्ही निघालो. ऊन होतं, पण खाडीकडून गार वारा येत होता. पहिल्या कोपऱ्यावर गाणं, दुसऱ्यावर गाणं. एलेआसारभाऊ पुढे, पाठ ताठ, कुणाशी शब्द नाही. माझी बोटं तारांवर चालत होती, पण कुठलं गाणं चाललंय ते देवालाच ठाऊक. चढ संपला. वळण आलं. या वळणावरच ते दरवेळी अकॉर्डियन पूर्ण ताणतात, शेवटच्या कोपऱ्यासाठी, सगळ्यात मोठा सूर.

त्यांनी अकॉर्डियन ताणला.

आणि तसाच हळूहळू मिटला. एकही पट्टी दाबली नाही. हवा बाहेर पडली तेवढी, एखादं म्हातारं जनावर खाली बसताना सोडतं तशी. मग त्यांनी वरचा चामडी पट्टा लावला, खालचा लावला, आणि वळून आमच्याकडे पाहिलं. ओठांवर बोट नाही, काही नाही. नुसतं पाहिलं. ढोलवाल्यानं काठी कोटाच्या बाहीत सरकवली. प्रिसिलाताईंनी खंजिरी शालीत गुंडाळली. गाणं शेवटच्या रांगेपर्यंत विझत गेलं.

आम्ही कोपऱ्यावर आलो आणि गोल करून उभे राहिलो. नेहमीच्या जागा, नेहमीचा गोल. पुरुषांनी टोप्या काढल्या. आणि कुणी काहीही बोललं नाही.

तुम्ही आम्हाला ओळखत नाही म्हणून तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. आमच्यात झोपलेलं बाळसुद्धा शांत नसतं! आम्ही प्रार्थना करतो ती सगळे एकदम, मोठ्यानं. ती माणसं गप्प उभी होती. बुटाखालची वाळू वाजू नये म्हणून पाय न हलवता.

थोड्या वेळानं समोरची एक खिडकी उघडली. डोक्याला रोलर लावलेली एक बाई. आजवर आम्ही गाताना ती खिडकी नेहमी बंदच होताना पाहिली होती मी. "कोण गेलं?" तिनं घाबरून विचारलं.

मी गोलातून निघून तिच्या खिडकीखाली गेले. "कुणी नाही गेलं," मी कुजबुजले. "लिओन्तिनोकाका झोपलेत."

तिनं वर पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. आत गेली. तिच्या घरात रेडिओवर कुंबियाचं नाचगाणं वाजत होतं, ते बंद झालं. मग मी तिला शेजारच्या दारावर टकटक करताना ऐकलं. "लिओन्तिनो झोपलाय." शेजारच्या घरातला टीव्हीवरच्या सामन्याचा गोंगाट मिटला. कुणीतरी छपरावर पत्रा ठोकत होतं; त्याला खालून हात केला, त्याची हातोडी थांबली. चेंडू खेळणाऱ्यांनी चेंडू उचलून काखेत घेतला. कुत्रं भुंकलं, तर एका म्हातारीनं त्याचं तोंड आपल्या एप्रनमध्ये घेतलं.

तेवढ्यात गॅसवाला आला! येतो तो ट्रकवर उभा राहून लोखंडी कांडीनं सिलिंडर बडवत, टँग टँग टँग, अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल असं. एलेआसारभाऊ गोलातून निघाले आणि त्या वयात उतारावर धावले. दोन्ही हात वर. दुरून कुणाला वाटलं असतं, आता हे ओरडणार. त्यांनी ट्रकच्या दाराशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. गॅसवाल्यानं वर चाळीकडे पाहिलं, कांडी खाली ठेवली, इंजिन बंद केलं. ट्रक तसाच, नुसत्या उतारावर, मागे मागे निघून गेला.

आणि मग टेकडी शांत झाली.

मी इथेच जन्मले, पण टेकडीवरून समुद्र ऐकू येतो हे मला त्या दिवशी कळलं. मग त्याच्याही अलीकडे एक बारीक घरघर ऐकू आली, यंत्राची. ऑक्सिजनचं यंत्र. आणि त्या घरघरीच्या आत, जुन्या फळीच्या पलीकडे, एका माणसाचा श्वास. आत जाताना शिट्टी, मग थांबायचा. इतका थांबायचा की गोलातल्या सगळ्यांचा थांबायचा. आणि मग बाहेर यायचा, आणि आम्ही सगळे सोडायचो. मला कुणी विचारलं की देवाच्या समोर उभं राहणं म्हणजे काय, तर मी तेच सांगेन. माझ्या अंगावर काटा होता, बोटं गार पडली होती, आणि मला तिथून हलायचं नव्हतं. एलेआसारभाऊ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मिश्या ओल्या होत्या.

"ऐकतेयस?" ते ओठांनीच म्हणाले. "एवढ्या वर्षांत मी इथे... ऐकलंच नाही गं."

किती वेळ गेला माहीत नाही. सावली चाळीच्या पायरीवर आली, तेव्हा जिन्यावरून एर्मिंदाकाकू खाली उतरल्या. पायात नुसते मोजे. त्या आमच्यापासून जरा लांब थांबल्या, एकेकाकडे पाहात. एलेआसारभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, इतके घट्ट की मला त्यांची बोटं पांढरी झालेली दिसली. कुणीही पत्रक काढलं नाही. आणि मग कुणी काही न ठरवता प्रिसिलाताई एक पाऊल उजवीकडे सरकल्या, माझी आई एक पाऊल डावीकडे, आणि गोलात एक जागा झाली.

काकू आल्या आणि त्या जागेत उभ्या राहिल्या.

"गाढ झोपलेत," त्या हळू म्हणाल्या. "गाणं बंद करा असं सांगायला नव्हते आले मी जूनमध्ये. मी विचारायला आले होते की तुम्ही सकाळी येता का. त्यांना आवडतात गाणी. खाणीत त्यांच्या पाळीला तुमच्यातला एकजण होता, तो खाली अंधारात गायचा. समुद्राच्या खाली, कोळशात. हे म्हणतात, दिवा विझला की त्याच्या आवाजाकडे चालत यायचं." त्या थांबल्या. एरवी इथे आमचे लोक "गौरव!" म्हणून छप्पर उडवतात. प्रिसिलाताईंनी रुमाल दातात धरला होता. कुणी काही बोललं नाही, आणि काकू बोलत राहिल्या. काकांच्या छातीबद्दल, स्वतःच्या झोपेबद्दल, खोलीत दुसरा माणूस येत नाही त्याबद्दल, मुलीबद्दल, जी उत्तरेला गेली आणि फोन करते पण येत नाही. आम्ही ऐकत होतो. पाळक ओसेआसनी फक्त एकदा विचारलं, "रात्री तुमच्याजवळ कुणी बसलं तर चालेल का? बोलणार नाही. पाठ चोळायला."

"बघू," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चालेल." आणि नाक पुसून त्यांनी मला शोधलं. "आणि तू गं? त्या दिवशी काय सांगत होतीस? मी अर्ध्यातच भिजवलं तुला. हळू सांग, म्हणजे झालं."

मी गोलाच्या मध्ये गेले नाही. जिथे होते तिथूनच बोलले. हातवारे नाहीत, आकाशाकडे बोट नाही. कोंबड्यांसमोर बसवलेलं सगळं कुठेतरी गेलं होतं.

"मला बोलता यायचं नाही," मी कुजबुजले. "म्हणजे यायचं, पण पहिला शब्दच बाहेर पडायचा नाही. सगळे वाट बघायचे आणि मला मरून जावंसं वाटायचं. मग मी रोज सकाळी देवाला म्हणायला लागले, पहिला शब्द तेवढा तू दे, पुढचे मी बघते. आणि काकू, तो देतो. रोज देतो. एवढंच आहे. जास्त काही नाही."

काकू पुढे झाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

तेवढ्यात वरून, फळीच्या पलीकडून, टकटक झाली. आम्ही सगळे दगड झालो. काकूंचा हात माझ्या मनगटावर आवळला. त्या जिन्याकडे धावणार एवढ्यात आतून आवाज आला. जाडाभरडा, मध्ये मध्ये थांबणारा, पण आरामात थांबणारा. घाई नसलेल्या माणसासारखा.

"एर्मिंदा," तो म्हणाला, आणि श्वास घेतला. "त्या पोरीला सांग," पुन्हा श्वास घेतला, आणि आम्ही सगळ्यांनी घेतला. "जरा मोठ्यानं बोल म्हणावं. इथे वर... नीट ऐकू येत नाही."

काकू हसत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहात होतं. एलेआसारभाऊंनी माझ्या खांद्याला हळूच, अगदी हळूच धक्का दिला. मी खिडकीखाली गेले, मान वर केली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.